डोंगरीचे १०१ दिवस आणि अंगठ्याचा एक क्षण

एके काळी मध्यमवर्गीय मराठी घराला पहाटे जाग येई ती दूधवाल्याच्या हाळीने आणि आकाशवाणीच्या मंगलध्वनीने. आता ती येते उशाशी ठेवलेल्या भ्रमणध्वनीच्या टिणटिणाटाने. झेंडूच्या फुलांवर कोरलेले ‘सुप्रभात’, तांब्याच्या भांड्यातील पाण्याने बरे होणारे वीस आजार, भारतीय संस्कृतीचा गौरव करणारे एखाद्या परदेशी शास्त्रज्ञाचे उद्गार, सावध राहण्याच्या चार सूचना आणि शेवटी ठरलेली आज्ञा : ‘किमान दहा जणांना पाठवा.’ चहाला उकळी येईपर्यंत घरातील कर्त्या गृहस्थांनी यातील आठ-दहा संदेश चार-पाच गटांवर धाडलेले असतात. त्यातील एकही शेवटपर्यंत वाचलेला नसतो. वाचण्याची आवश्यकताही वाटलेली नसते. अंगठ्याने आपले काम चोख बजावलेले असते.

वीस वर्षांपूर्वी संगणकावर विपत्रे येऊ लागली, तेव्हा मराठी माणसाने अशा मजकुराला एक नेमका शब्द दिला होता : ढकलपत्र. शब्द थट्टेचा होता, पण त्यात सत्य होते. लिहिणारा पत्र लिहितो, समजून घेणारा ते वाचतो. ढकलणारा मात्र फक्त ढकलतो. कशाला ढकलतो आहोत आणि पलीकडे कोण उभे आहे, हे पाहण्याचे त्याला कारण उरत नाही.

‘यात एवढे बिघडले काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. सुप्रभाताने कोणाचे नुकसान होत नाही, हे खरेच आहे. परंतु न वाचता पुढे ढकलण्याची जी सवय झेंडूच्या फुलांवर जडते, तीच सवय एके दिवशी माणसाच्या जिवावर उठते. महाराष्ट्राने हे आपल्या भूमीवर पाहिले आहे.

राईनपाड्याचा आठवडी बाजार

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावी आठवडी बाजार भरला होता. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे आली. त्यातील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा परिसरातील होती. भगवी वस्त्रे परिधान करून, नवनाथांचे नाव घेत गावोगाव भिक्षा मागणे हा या भटक्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम. मच्छिंद्रनाथ-गोरक्षनाथांची परंपरा ज्यांनी ग्रंथांतून नव्हे तर पायांनी आणि कंठाने खेडोपाडी जिवंत ठेवली, त्यांचे हे वंशज. पूर्वी असा गोसावी दारात आला की घरची आजी सुपातून धान्य घेऊन बाहेर येई आणि नातवाचे डोके त्याच्या पायावर ठेवी.

त्या दिवशी आजीच्या सुपाआधी भ्रमणध्वनी पोहोचला होता. मुले पळवणारी टोळी परिसरात आल्याची अफवा कित्येक दिवस हातोहाती फिरत होती. बाजारात कोणाला तरी या अनोळखी माणसांचा संशय आला. पाहता पाहता जमाव गोळा झाला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारण्यात आले. त्या मारहाणीच्या चित्रफिती पुन्हा त्याच भ्रमणध्वनींवरून महाराष्ट्रभर फिरल्या. ती टोळी नव्हती, कोणाचे मूल पळवलेले नव्हते. होती ती पाच गरीब माणसे, भिक्षेच्या वाटेवर निघालेली.

पावणेदोन वर्षांनी, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदीचे दिवस होते. साधू मुंबईहून सुरतकडे एका अंत्यसंस्कारासाठी निघाले होते. त्या भागातही चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची अफवा पसरलेली होती. पोलिसांच्या डोळ्यांदेखत वृद्ध साधू मारला गेला. त्या दृश्याने सबंध हिंदू समाज हळहळला आणि संतापला. तो संताप न्याय्य होता. मारणाऱ्यांचा अपराध आणि पोलिसांची निष्क्रियता अफवेकडे बोट दाखवून तसूभरही कमी होत नाही. परंतु ज्या समाजाने गडचिंचल्याबद्दल अश्रू ढाळले, त्याने स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता : त्या वर्षी, त्या आठवड्यात, आपल्या अंगठ्याने काय काय पुढे ढकलले होते?

२०१८ च्या त्या लाटेत देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची कथा तर प्रत्येक घरात सांगितली जावी अशी आहे. दुचाकीवरून दोघे येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसत होते. ‘आपल्या भागातील घटना’ म्हणून ती लाखो लोकांनी एकमेकांना धाडली. प्रत्यक्षात ती कराचीतील एका संस्थेने पालकांच्या जागृतीसाठी तयार केलेली फीत होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि मुले पळवणे किती सोपे आहे, याचा फलक दाखवतात. कोणी तरी शेवट कापला, उरलेला तुकडा सोडून दिला आणि पाकिस्तानातील एक जागृतीपट हिंदुस्थानातील निरपराध वाटसरूंचे मृत्युपत्र ठरला. शत्रूने सैन्य पाठवले नव्हते, दारूगोळा पाठवला नव्हता. शेवट कापणारा एकच होता. बाकी सारे काम आपण केले.

गतीचा व्यापार

या साऱ्यात व्यापारी कोण, हेही पाहिले पाहिजे. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप विकत घेतले ते १९ अब्ज डॉलरना. एवढी रक्कम मोजणारी कंपनी भारतातील कोट्यवधी कुटुंबांना ती सेवा फुकट वापरू देते, ती धर्मादाय बुद्धीने नव्हे. या कंपनीचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींचे आहे आणि जाहिरातीच्या धंद्यात माल असतो तो माणसाचे लक्ष. आजोबांचे भय, आजीचे कुतूहल, तरुणाचा संताप हे सारे या बाजारात तोलले जाते. शांतपणे विचार करणारा मनुष्य हे तेथील सर्वांत तोट्याचे गिऱ्हाईक.

देशभर हत्यांची मालिका घडली, केंद्र सरकारने कानउघाडणी केली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण उमटू लागली. एप्रिल २०२० मध्ये, महामारीच्या अफवांचा पूर आल्यावर, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे ठरले. याचा अर्थ उघड आहे. वेग कमी करण्याची कळ प्रारंभापासून कंपनीच्याच हाती होती. ती फिरवण्यासाठी भारतातील निरपराधांचे प्राण जावे लागले.

फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी सरकारने असा मजकूर प्रथम कोणी सोडला याचा शोध देण्याचे बंधन घातले, तेव्हा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०२४ मध्ये तर संदेशांची गुप्तता मोडण्याची सक्ती झाल्यास भारतातून निघून जाऊ, असे तिच्या वतीने न्यायालयात सांगण्यात आले. नागरिकाच्या खासगीपणाचा प्रश्न खोटा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये तो मूलभूत अधिकार मानला आहे. पण जिची मातृसंस्था लोकांच्या आवडीनिवडी जाहिरातदारांपुढे मांडून श्रीमंत झाली, तिने खासगीपणाची पताका खांद्यावर घ्यावी, हा विनोद मात्र अमेरिकेतच सुचू शकतो.

यावर काही जण म्हणतील, ‘स्वदेशी साधन वापरा, प्रश्न मिटला.’ स्वदेशी साधने हवीतच. जून २०२० मध्ये गलवाननंतर ५९ चिनी उपयोजनांवर बंदी आली, त्याचे आपण स्वागत केले. झोहोसारखी भारतीय कंपनी ‘अराट्टई’ हे संदेशसाधन उभे करते, याचा अभिमानही वाटतो. पण ‘कू’ हे भारतीय व्यासपीठ मोठ्या गाजावाजाने पुढे आले आणि जुलै २०२४ मध्ये बंद पडले, हेही लक्षात ठेवावे. टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते, टिकून राहणारे थोडे. शिवाय मूळ व्याधी वेगळीच आहे. साधन बदलले आणि अंगठा तोच राहिला, तर अफवा स्वदेशी होईल, इतकेच.

डोंगरीचा धडा

या अंगठ्याला वळण लावण्यासाठी परदेशी समाजशास्त्रज्ञांकडे जाण्याची आवश्यकता नाही. धडा आपल्याच इतिहासात आहे.

१८८२ साल. ‘केसरी’ निघून जेमतेम दीड वर्ष झाले होते. कोल्हापूरचे छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) यांचा वेडाच्या नावाखाली छळ चालला आहे, या वार्तेने महाराष्ट्र अस्वस्थ होता. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवणारी काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या चालकांच्या हाती आली. गादी शिवछत्रपतींच्या वंशाची, अन्याय डोळ्यांपुढे, लेखणी तरुण आणि तेजस्वी. पत्रे प्रसिद्ध झाली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले.

बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी तेव्हा काय केले? ‘आमच्याकडे आले तसे आम्ही पुढे दिले’ असे त्यांनी म्हटले नाही. ‘हेतू तर चांगला होता’ असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. पत्रे खरी नसल्याचे कळताच त्यांनी क्षमा मागितली. न्यायालयाने चार महिन्यांची शिक्षा दिली, तीही त्यांनी शिरावर घेतली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. दोघेही त्या वेळी सव्वीस वर्षांचे. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि मराठी माणसाने ते आवडीने वाचले.

एका बनावट कागदाला टिळक-आगरकरांसारखे बुद्धिमंत फसू शकतात, तर सामान्य गृहस्थ फसला यात नवल नाही. नवल आहे ते पुढचे. त्या दोघांनी आपल्या नावानिशी छापले, आपल्या नावानिशी चूक मान्य केली आणि आपल्या देहाने तिची किंमत दिली. म्हणूनच नंतर टिळकांच्या शब्दाला असे वजन आले की १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०८ मध्ये त्या शब्दाला भिऊन इंग्रज सरकारने त्यांना कारागृहात टाकले. शब्दाचे सामर्थ्य असे मिळते. ते गटावरील सभासदांच्या संख्येने मिळत नाही.

आज कराचीची फीत ‘आपल्या भागातील’ म्हणून धाडणाऱ्यांपैकी कितींनी ‘ती खोटी होती, मी चुकलो’ असा दुसरा संदेश त्याच गटावर धाडला? खोटे पाठवताना पाच गट हाताशी होते. चूक सुधारताना एकही आठवला नाही.

पत्रके वाहणाऱ्यांची पिढी

‘वृत्तपत्रे आणि वाहिन्या आपले म्हणणे दडपतात, हा भ्रमणध्वनीच आमचे वृत्तपत्र आहे,’ असा युक्तिवाद अनेक कार्यकर्ते करतात. त्यात तथ्य नाही असे नाही. हिंदू समाजाच्या वेदनेला अनेक संपादकीय कार्यालयांत वर्षानुवर्षे दार बंद होते. सामान्य माणसाच्या हाती आलेल्या या साधनाने ती मक्तेदारी मोडली, हे मान्यच केले पाहिजे. ‘व्हॉट्सॲप विद्यापीठ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आपली मक्तेदारी गेल्याचे दुःख अधिक आहे, सत्याची चाड कमी. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत माग काढणारी चकती बसवली आहे, ही अफवा केवळ आजोबांच्या गटावर नव्हे, नामांकित वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावरही झळकली होती.

परंतु दडपशाहीच्या काळात सत्य कसे वाहून न्यायचे, हे या चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली. ४ जुलैला संघावर बंदी आली. वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण बसले. त्या काळात सायक्लोस्टाईल यंत्रावर रात्री पत्रके निघत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गोठ्यात ते यंत्र चाले. भाजीच्या पिशवीत तळाशी पत्रके आणि वर मेथीच्या जुड्या, असे गृहिणींनी ती पोहोचवली. एक कागद सापडला तरी ‘मिसा’खाली विनाचौकशी कारावास होता. म्हणून लिहिणारा प्रत्येक वाक्य तोलत असे. अटकेचा आकडा चुकला तर सबंध पत्रकावरचा विश्वास उडेल, हे तो जाणत असे. देणाऱ्याला घेणारा ठाऊक असे, घेणाऱ्याला देणारा. त्या शाईने हात काळे होत, पण शब्द काळा होत नसे.

त्या पत्रकांनी मार्च १९७७ मध्ये सत्ता उलथवण्यास हातभार लावला. ती संख्येने किती असतील? आजच्या एका सकाळच्या ढकलपत्रांपुढे नगण्यच. पण प्रत्येक पत्रकामागे एक माणूस उभा होता, शिक्षा भोगायला सिद्ध असलेला. आजच्या संदेशामागे कोणीच उभे नाही. जो शब्द काहीही किंमत न देता पाठवता येतो, त्याची ऐकणाऱ्याच्या लेखीही किंमत उरत नाही.

खोटे नाणे आणि खरे सोने

अफवेने दुसऱ्याचा जीव जातो, तसा आपल्याच अभिमानाचाही घात होतो. ‘युनेस्कोने भारताचे राष्ट्रगीत जगात सर्वश्रेष्ठ ठरवले’ हा संदेश गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काही केल्याचा स्पष्ट इन्कार केला, तरी तो थांबत नाही. दर दिवाळीला ‘नासाने अवकाशातून टिपलेला उजळलेला भारत’ येतो. ते छायाचित्र दिवाळीचे नव्हेच. अनेक वर्षांच्या रात्रीच्या प्रकाशनोंदी एकत्र करून, त्यातील वाढ वेगवेगळ्या रंगांत दाखवणारे ते चित्र आहे.

आता पाहा, ११ जुलै २०२५ रोजी त्याच युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा, बारा दुर्गांचा, जागतिक वारसा सूचीत खरोखरच समावेश केला. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी. शिवछत्रपतींच्या दुर्गविज्ञानापुढे जगाने मान तुकवली. केवढी ही वार्ता! पण ज्या काकांनी दहा वर्षे राष्ट्रगीताचा खोटा किस्सा पाठवला, त्यांनी ही खरी वार्ता पाठवली तेव्हा घरातील शिकलेल्या नातवाने विचारले, ‘हेही तसेच का?’ या प्रश्नात नातवाचा उद्धटपणा नाही. ते काकांनी स्वतः कमावलेले फळ आहे. ज्याच्या थैलीत खोटी नाणी सापडतात, त्याच्या खऱ्या मोहरेलाही सोनार दगडावर घासून पाहतो.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये १७७ राष्ट्रांनी योगदिनाच्या प्रस्तावाला सहप्रस्तावक म्हणून साथ दिली. ज्या राष्ट्राजवळ असे खरे सोने आहे, त्याने पितळेवर मुलामा देत बसावे, यासारखे दारिद्र्य नाही. आणि भोळेपणाने विश्वास ठेवण्याची सवय ठकांनाही ठाऊक असते. ‘डिजिटल अटके’च्या भयाने वृद्ध मंडळींनी जन्माची पुंजी भामट्यांच्या खात्यात भरली, तेव्हा २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावे लागले : थांबा, विचार करा, मग कृती करा. आता कृत्रिम बुद्धिमत्ता हुबेहूब आवाज आणि चेहरा घडवू लागली आहे. यापुढे ‘मी डोळ्यांनी पाहिले’ हाही पुरावा राहणार नाही. अशा वेळी थांबणे हे भित्रेपण नव्हे, तो आत्मरक्षणाचा पहिला डाव आहे.

भोंगा वाजतो तेव्हा

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक निर्णय घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातील दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी बंद राहतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे एकमेकांशी बोलतात. हा निर्णय ना मंत्रालयातून आला, ना कोण्या परदेशी कंपनीच्या कृपेने. ग्रामसभेने तो केला आणि गावाने पाळला. संध्याकाळी दिवा लावून ‘शुभं करोति’ म्हणण्याची वेळ या गावाने परत मिळवली.

जे एक गाव दीड तास करू शकते, ते एक कुटुंब एक क्षण करू शकत नाही काय? अंगठा आणि काच यांच्यामध्ये एकच क्षण ठेवायचा आहे. त्या क्षणात एकच प्रश्न विचारायचा : या मजकुराखाली स्वतःचे नाव, गाव आणि पत्ता लिहून, डोंगरीला जाण्याची तयारी ठेवून, हा पाठवता येईल काय? उत्तर ‘होय’ असेल, तर अवश्य पाठवावा; सत्य गप्प राहण्यासाठी नसते. उत्तर ‘नाही’ असेल, तर तो तेथेच संपवावा. आणि चूक झालीच, तर ज्या गटावर खोटे धाडले, त्याच गटावर आपल्या नावाने चूक मान्य करावी. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरापासून, आपल्या गटापासून हा नियम सुरू करावा. कुटुंब प्रबोधनाचा आज याहून निकडीचा विषय नाही.

कारण पलीकडे कोणी तरी उभे असतेच. कुठल्या तरी आठवडी बाजारात, खांद्याला झोळी लावून, नाथांचे नाव घेत पाच माणसे पुन्हा उतरतील. त्यांना भाकरी मिळेल की मरण, हे त्या बाजारात ठरणार नाही. ते आधीच, दूरवरच्या एखाद्या दिवाणखान्यात, चहाला उकळी येण्यापूर्वी ठरलेले असेल.